लंगडणारी टर्की

टर्की हा मुळचा अमेरिकेचा पक्षी. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचे नाव दिले, फ्रेंचांनी हिंदुस्थानचे, तर पोर्तुगीज भाषेत तो 'पेरू' झाला. त्याचे मोठे बिऱ्हाड मात्र अमेरिकेतच आहे. उत्तरेकडील मिनेसोटा राज्यात दरवर्षी कोट्यवधी टर्की वाढविल्या जातात.

याच राज्यात २०११ साली एक चमत्कारिक प्रकार नजरेस आला. १२ आठवडे उलटलेले धष्टपुष्ट नर लंगडू लागले. पायाच्या मोठ्या सांध्याला सूज येई, आत पाणी साठे; त्यामागची जाड कंडरा कठीण होई आणि कधी तुटूनही जाई. विक्रीच्या वेळी या नराचे वजन १८ ते २० किलोपर्यंत असते. एवढा भार दोन पायांवर पेलावयाचा, त्यातली कंडराच निकामी झाली तर दाणापाणी चार पावलांवर असूनही पक्षी उपाशी राहतो. सोबतचे पक्षी त्याला टोचतात ते वेगळेच.

आता, टर्की लंगडली म्हणजे विषाणूच असे मात्र नव्हे. मायकोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्म जीवाणूनेही सांधा सुजतो, आणि तो अंड्यातून आईकडून पिलाकडे जातो. स्टॅफिलोकॉकस हा जीवाणू जखमेतून शिरून सांध्यात पू करतो. या दोहोंवर प्रतिजैविके थोडीफार चालतात. मिनेसोटातील पक्ष्यांच्या कंडरांत जो सापडला तो रिओव्हायरस. त्याच्यावर प्रतिजैविकांची मात्रा चालत नाही. पोलिओच्या तोंडावाटे देण्याच्या लशीमुळे प्रसिद्ध झालेल्या अल्बर्ट सेबिन यांनी १९५९ साली हे नाव सुचविले. श्वसनमार्ग, आतडे व 'अनाथ' या अर्थांच्या तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून ते बनले. अनाथ अशासाठी, की त्याच्या माथी तेव्हा एकही रोग मारता येत नव्हता!

खरी अडचण पुढेच आहे. प्रयोगशाळेत कोवळ्या पिलांना हा विषाणू दिला, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली कंडरेचा दाह दिसू लागला. परंतु पिले ऐटीत चालतच होती. लंगडेपणा दिसावयास आठवा आठवडा उजाडावा लागला. आम्हा कचेरीतल्या माणसांना हा अनुभव नवा नाही: तक्रारीचा कागद टेबलावर येतो, तोवर मूळ प्रकरण बरेच जुने झालेले असते. पशुपालकाला पाय दिसतो तेव्हा औषधाची वेळ निघून गेलेली असते. त्यातून हा विषाणू विष्ठेतून पसरतो, आणि त्याच्यावर स्निग्ध आवरण नसल्यामुळे नेहमीच्या कित्येक जंतुनाशकांना दाद देत नाही.

म्हणून संरक्षणाचा आरंभ पिलाच्या जन्मापूर्वी करावा लागतो. आजारी कळपातूनच विषाणू मिळवून, तो निर्जीव करून, त्याची लस अंडी देणाऱ्या माद्यांना टोचतात. त्यांच्या शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्ये अंड्याच्या बलकातून पिलाला मिळतात व पहिले काही आठवडे त्याची राखण करतात. हा उपाय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. पण तोही एकदाच करून भागत नाही. या विषाणूचा आनुवंशिक ऐवज १० तुकड्यांत विभागलेला असतो. दोन जाती एकाच पक्ष्यात भेटल्या, की तुकड्यांची अदलाबदल होते आणि जुन्या लशीला न जुमानणारा नवा वाण उभा राहू शकतो. मग पुन्हा लंगड्या पक्ष्याची कंडरा प्रयोगशाळेत जाते, आणि लशीसाठी नवा विषाणू निवडावा लागतो.