चमत्काराच्या पायाखालचा चिखल

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. विठ्ठलनामात तल्लीन होऊन चिखल तुडवताना त्यांच्या पायाखाली स्वतःचेच तान्हे मूल चिरडले गेले आणि पुढे पांडुरंगाच्या कृपेने ते परत मिळाले, ही कथा सर्वपरिचित आहे. १९७४ मध्ये ती राजकुमार यांच्या ‘भक्त कुंबार’ या कन्नड चित्रपटातूनही पडद्यावर आली. पण अशी घटना प्रेक्षकाला पटावी कशी?

येथे ‘जादुई वास्तववाद’ उपयोगी पडतो. जर्मन समीक्षक फ्रान्झ रो यांनी १९२५ मध्ये चित्रकलेसंदर्भात वापरलेली ही संज्ञा पुढे लॅटिन अमेरिकी साहित्यात रुजली. अद्भुत घटना रोजच्या जगण्याइतक्याच सहजतेने सांगणे, हे तिचे सूत्र. म्हणजे कॅमेऱ्याने चमत्काराकडेही चुलीकडे किंवा चाकाकडे पाहावे तसेच पाहायचे.

‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’ने (१९३६) ही वाट आधीच दाखवली होती. अखेरीस तुकोबांना न्यायला विमान येते, तेव्हा छायाचित्रणातील करामत लपत नाही. तरीही प्रसंग मनाला भिडतो. कारण जिजाई मागे, जमिनीवरच राहते. पोराबाळांच्या भुकेची काळजी तिने चित्रपटभर वाहिलेली असते. वैकुंठाची उंची कळते ती तिच्यामुळे.

गोरोबाकाकांच्या कथेचीही खरी कसोटी मूल परतण्याच्या क्षणी लागत नाही. ती आईने पाहिलेल्या त्या लाल चिखलापाशी लागते. तो खरा वाटला नाही, तर पुढचा चमत्कार केवळ करामत ठरतो.