हाड जुळले, धीर जुळतो आहे

मांडीचे मोडलेले हाड जुळायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. धीर जुळायला किती लागतात, हे कोणताही एक्स-रे सांगत नाही. भंडारा-तुमसर रस्त्यावर मोटारीने माझ्या सायकलला मागून उडवले, त्याला वर्ष झाले. काठी सुटली, पण मागून हॉर्न वाजला की पाय अजून लटपटतात. आधी अंगण, मग पानठेला, असे चालणे रोज थोडे वाढवतो आहे.

त्या दिवशी गाड्या थांबल्या नाहीत. थांबल्या त्या रोवणीहून परतणाऱ्या बाया. मला न हलवता त्यांनी १०८ ला फोन लावला. मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. नाव सांगण्याचीही सक्ती नाही. एवढे जरी ठाऊक असले, तरी एखादी गाडी थांबेल.