हौसेचे नाणे आणि गुंतवणुकीची चांदी

सणासुदीला चांदीचे नाणे घेण्याची प्रथा घरोघरी आहे. अलीकडे त्यात सरकारी टांकसाळीच्या स्मारक नाण्यांची भर पडली आहे. छंदही जोपासला जातो आणि पैसाही गुंतवला जातो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात नाणेसंग्रह आणि मौल्यवान धातूंतील गुंतवणूक यांची गणिते वेगळी आहेत.

एका नाण्याच्या तीन किमती

प्रत्येक स्मारक नाण्याला तीन किमती असतात : त्यावर छापलेले दर्शनी मूल्य, त्यातील धातूचे मूल्य आणि संग्राहक मोजायला तयार असलेली किंमत. नव्या संसद भवनाच्या उद्घाटनानिमित्त २०२३मध्ये निघालेले ७५ रुपयांचे नाणे ३५ ग्रॅम वजनाचे आहे. मात्र, त्यात चांदी ५० टक्केच, म्हणजे साडेसतरा ग्रॅम आहे. उरलेल्या भागात ४० टक्के तांबे आणि प्रत्येकी पाच टक्के निकेल व जस्त आहे. याउलट, गांधी जन्मशताब्दीनिमित्त १९६९मध्ये निघालेल्या १५ ग्रॅमच्या दहा रुपयांच्या नाण्यात ८० टक्के, म्हणजे १२ ग्रॅम चांदी होती. त्यामुळे वजनापेक्षा धातूची शुद्धता आधी पाहावी.

शिवाय, २०११च्या नाणे कायद्यानुसार सरकारी नाणे वितळवण्यास मनाई आहे. म्हणजेच स्मारक नाण्यातील चांदी मोकळी करून विकता येत नाही. त्याला गिऱ्हाईक मिळते ते प्रामुख्याने संग्राहकांमध्येच.

दुर्मीळता कशाने ठरते?

किती नाणी पाडली गेली, त्यांची स्थिती कशी आहे आणि मागणी किती, यांवर संग्राहकांची किंमत ठरते. निव्वळ जुनेपणाला फारसे मोल नसते. चकचकीत पार्श्वभूमीचे ‘प्रूफ’ नाणे खास साच्यांतून पाडले जाते, म्हणून ते महाग असते. चलनातील नाण्यांवर वर्षाच्या आकड्याखालील खूणही पाहावी. चौकट म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, टिंब म्हणजे नोएडा. खूण नसल्यास कोलकाता. नाणे चिंच किंवा पावडर लावून घासू नये. झळाळी आली, तरी संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत उतरते.

अमुक नाण्याला लाखो रुपये मिळतील, अशा जाहिरातींना भुलू नये. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी शुल्क मागणाऱ्या भामट्यांविषयी खुद्द बँकेनेच ऑगस्ट २०२१मध्ये सावध केले होते.

गुंतवणूक करायची तर...

धातूच्या भाववाढीचा लाभ हवा असल्यास दर्शनी मूल्य नसलेली शुद्ध नाणी किंवा वळी सोयीची ठरतात. सरकारने नोव्हेंबर २०१५मध्ये आणलेले अशोकचक्रांकित सुवर्ण नाणे २४ कॅरटचे आणि हॉलमार्क असलेले आहे. तरीही खरेदीवर तीन टक्के जीएसटी आणि घडणावळ द्यावी लागते. विकताना या दोन्ही रकमा परत मिळत नाहीत. सांभाळण्याची चिंता नको असेल, तर सोन्या-चांदीचे ईटीएफ हा पर्याय आहे. सार्वभौम सुवर्ण रोख्यांची नवी विक्री मात्र फेब्रुवारी २०२४नंतर झालेली नाही.

थोडक्यात, स्मारक नाणे आवडले म्हणून घ्यावे. भविष्याची तरतूद म्हणून घेतलेल्या धातूचा हिशेब मात्र ग्रॅम, शुद्धता आणि विक्रीच्या वेळी हाती पडणारी रक्कम यांवरच मांडावा.