मुलाला हॅमस्टर कधी आणून द्यावा? आधी घरातल्या मोठ्यांनी उत्तर द्यायचे प्रश्न

ईदी हातात पडली की मुलांच्या मागण्या सुरू होतात. सायकल, बॅट, आणि आता मोबाईलवरचे व्हिडिओ बघून नवी मागणी, "अब्बू, मला हॅमस्टर पाहिजे." दुकानात हा मुठीएवढा, मऊ केसांचा प्राणी खेळण्यासारखाच दिसतो. मग अम्मी-अब्बूंना प्रश्न पडतो, मूल किती वर्षांचं झालं की आणावा?

आमचं थोडक्यात उत्तर असं: ५ वर्षांच्या आत नको. ६ ते ८ वर्षांत मोठं माणूस शेजारी बसलेलं असेल तरच. ९-१० वर्षांनंतर रोजची कामं मुलाकडे देता येतात. पण कुठल्याही वयात प्राण्याची जबाबदारी मोठ्यांचीच राहते. ती घ्यायला घरातलं एकही मोठं माणूस तयार नसेल, तर मूल १४ वर्षांचं असलं तरी हॅमस्टर आणू नये.

हा प्राणी आहे तरी कसा?

सोनेरी हॅमस्टर मूळचा सीरियाचा. १९३० मध्ये हलब (अलेप्पो) शहराजवळ एक मादी आणि तिची पिल्लं पकडली गेली. आज जगभरात पाळले जाणारे बहुतेक सोनेरी हॅमस्टर त्यांचेच वंशज मानले जातात. तो बिळात राहतो, दिवसा झोपतो आणि रात्री जागतो. मोठा झाल्यावर त्याला एकटंच ठेवावं लागतं. "एकट्याला करमणार नाही" म्हणून जोडी आणली, तर दोघं एकमेकांना रक्तबंबाळ करतात. आयुष्य साधारण २ ते ३ वर्षांचं.

यातली रात्री जागण्याची सवय सगळ्यात महत्त्वाची. मूल शाळेतून येतं तेव्हा हॅमस्टर गाढ झोपेत असतो. झोपेतून उठवलं की तो चावतो. आणि मूल झोपलं की याचं चाक फिरायला लागतं. रमजानमध्ये सहरीला घर जागं असतं तेव्हा गंमत वाटेल, पण बाकीचे ११ महिने ती खडखड कोण ऐकणार?

वयाची अट कशासाठी?

लहान मुलांना हाताची पकड आवरता येत नाही. हॅमस्टर निसटायला लागला की मूल घट्ट आवळतं, किंवा घाबरून सोडून देतं. कमरेच्या उंचीवरून पडला तरी त्याचं हाड मोडू शकतं. म्हणून त्याला नेहमी जमिनीवर बसून, दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यायचं.

दुसरं कारण आरोग्याचं. हॅमस्टर धडधाकट दिसत असला तरी त्याच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतू पसरू शकतात. ५ वर्षांखालची मुलं हात तोंडात घालतात, त्यामुळे त्यांना धोका जास्त. हाताळल्यावर प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत. घरात कुणी गरोदर असेल तर तिने हॅमस्टर हाताळू नये, पिंजराही साफ करू नये. त्याच्यापासून होणारा एक विषाणूजन्य आजार पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतो. अशा घरात बाळंतपण होईपर्यंत थांबलेलंच बरं.

पिंजरा स्वयंपाकघरात आणि नमाजच्या जागेजवळ नको. कपड्यांना घाण लागली तर बदलूनच नमाजला उभं राहावं. हॅमस्टर पाळण्याबाबत शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारून घ्यावं.

पिंजऱ्यातला जीव म्हणजे अमानत

मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपल्याला माहीत आहे. तिने मांजरीला खायला दिलं नाही आणि स्वतःचं पोट भरायला मोकळंही सोडलं नाही. पिंजऱ्यातल्या प्राण्याची अवस्था नेमकी हीच असते. मे महिन्यात गावी लग्नाला १० दिवस जायचं आहे, तेव्हा त्याला दाणापाणी कोण देणार? याचं उत्तर आणण्याआधीच हवं.

उन्हाळ्याचाही विचार करा. २० ते २४ अंश तापमान त्याला मानवतं. नागपूर, अकोला, जळगावच्या उन्हात पत्र्याच्या घरात किंवा बंद खोलीत तो तगणं कठीण आहे. दुकानातले छोटे रंगीत पिंजरेही पुरत नाहीत. १०० बाय ५० सेंटीमीटरची मोकळी जागा, बीळ करण्याइतका जाड थर आणि चाक, एवढं तरी हवं. आणि आजारी पडला तर त्याला तपासणारे डॉक्टर तालुक्याच्या गावी सहसा मिळत नाहीत. आधी चौकशी करा. घरात मांजर असेल तर विषय तिथेच संपतो.

एक महिना परीक्षा घ्या

हो किंवा नाही म्हणण्याआधी मुलाला एक महिना एक काम द्या. रोज ठरलेल्या वेळी कुंडीला पाणी घालणं, किंवा गॅलरीत चिमण्यांसाठी ठेवलेलं भांडं धुऊन भरणं. पहिला आठवडा सगळीच मुलं उत्साहात असतात. आपण आठवण न करता तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातही काम होतंय का, ते बघा. झोपलेल्या धाकट्या भावंडाला उठवायचं नाही म्हटल्यावर मूल ऐकतं का, हेही बघा.

आणि तो गेला तर?

२-३ वर्षांत हा प्रसंग येणारच. हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याचा छोटा पक्षी मेला, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्या लहानग्याची आपुलकीने विचारपूस केली होती. "उंदरासारखाच तर होता, दुसरा आणू" असं म्हणून मुलाचं दुःख उडवून लावू नका. रात्रीतून गुपचूप तसाच दुसरा आणूनही ठेवू नका. खरं सांगा, रडू द्या, आणि दोघं मिळून त्याला मातीत पुरा.

परीक्षेत मूल कमी पडलं तर रागावू नका, वर्षभराने पुन्हा बघा. तोवर हट्टापायी पोपट मात्र आणू नका, आपल्याकडचे रानपोपट पाळणं कायद्याने गुन्हा आहे. गॅलरीतलं पाण्याचं भांडं तसंच चालू राहू द्या. चिमण्या यायला लागल्या की मूल आपणहून ते भरायला धावतं.