मुलांना पोहायला पाठवताना काय घ्याल, काय टाळाल?

वार्षिक परीक्षा आटोपल्या की जलतरण तलावांवर उन्हाळी वर्गांचे फलक लागतात. अर्ज, डॉक्टरांचा दाखला, फोटो, फी एवढे झाले की पालकांपुढे पुढचा प्रश्न येतो, सामान काय घ्यायचे? मुलांची यादी तयारच असते. रंगीत गॉगल, कार्टूनची टोपी, दंडाला बांधायचे फुगे. अम्मींची काळजी वेगळी असते, विशेषतः मुलगी दहा-बारा वर्षांची असेल तर.

आपल्या आजोबांच्या पिढीला हा प्रश्न पडला नव्हता. कोकणात खाडीत, देशावर विहिरीत, पाठीला रिकामा डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधून पोरे पोहायला शिकली. त्यात मुली क्वचितच असत. आता शहरांत तलाव झाले, कित्येक ठिकाणी महिलांसाठी वेगळी वेळ असते, शिकवायला बाईही असतात. तरीही आम्ही शाळेत पाहतो, पाचवीपर्यंत उत्साहाने पोहायला जाणाऱ्या मुली सहावी-सातवीत एकेक करून थांबतात. कारण विचारले तर उत्तर ठरलेले, ‘कपड्यांचं जमत नाही.’

हे थांबणे साधे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून दगावली. ५ ते १४ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूच्या कारणांत बुडणे तिसऱ्या क्रमांकावर आहे. विहीर, ओढा, खदान, सहलीतला समुद्र, यांपुढे मुलगा-मुलगी असा भेद नसतो. म्हणून लिबासाचा प्रश्न आधी सोडवावा. तो सुटण्यासारखा आहे.

लिबास : आधी तलावावर विचारा

दुकानात जाण्याआधी तलावाच्या कार्यालयात जा. बहुतेक तलावांचा आग्रह असतो तो पोहण्यासाठीच बनवलेल्या कापडाचा. अंगभर पोशाख चालेल का, डोके झाकणारी टोपी चालेल का, हे विचारून घ्या. पैसे खर्च केल्यानंतर दारातून परत येणे मुलीच्या मनाला फार लागते.

घरचा सुती सलवार-कुर्ता किंवा लेगिंग पाण्यात घालू नये. सुती कापड पाणी शोषून जड होते, खाली ओढते आणि ओले झाल्यावर अंगाला असे चिकटते की सतरचा हेतूच राहत नाही. ओढणी तर हातापायांत गुंतते. पॉलिस्टर किंवा नायलॉनचे पोहण्याचे कापड पाणी फारसे धरत नाही आणि लवकर वाळते.

अंगभर पोशाखाची कल्पना आता नवी नाही. ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या अहेदा झानेटी यांनी हिजाब घालून खेळताना भाचीची होणारी अडचण पाहिली. त्यातून खेळाचे कपडे आणि २००४ च्या सुमारास बुरकिनी तयार झाली. पुढे तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या पथकात एका मुस्लीम तरुणीने हाच पोशाख घालून काम केले. झाकलेले अंग आणि पोहणारे अंग यांत वैर नाही, हे सांगायला एवढे उदाहरण पुरे.

असा पोशाख घेताना तीन गोष्टी पाहा. वरचा अंगरखा आतून पँटला बांधण्यासाठी नाडी किंवा लूप हवा, नाहीतर पाण्यात तो वर तरंगतो. डोक्याची टोपी पोशाखाला जोडलेली किंवा नीट बसणारी असावी. टाचण्या अजिबात नकोत. आणि कापड पातळ किंवा फिके नसावे. घरीच ओले करून पाहिले की शंका राहत नाही.

मुलांसाठी गुडघ्यापर्यंतची घट्ट पोहण्याची चड्डी मिळते. तिला दुकानात ‘जॅमर’ म्हणतात. कमर बेंबीच्या वर बसेल अशी निवडली की सतरही सांभाळला जातो. खिशांची सैल बर्म्युडा पाण्याने फुगते आणि पाय मारायला अडथळा करते.

आपल्याकडे मुलांचे कपडे ‘वाढत्या अंगाचे’ घेण्याची रीत आहे. ईदच्या जोड्याला ती ठीक, इथे नाही. पोहण्याचे कापड भिजल्यावर थोडे सैलावते. मापाचेच घ्या. हात वर करून, वाकून, उकिडवे बसून मुलाला आराम वाटला म्हणजे माप बरोबर.

रंगाकडेही लक्ष द्या. निळ्या फरशीच्या तलावात निळा किंवा पांढरा पोशाख पाण्याखाली दिसेनासा होतो. भडक नारिंगी, गुलाबी किंवा पोपटी रंग चटकन नजरेत येतो. गडद पोशाखच घेतला असेल, तर निदान टोपी भडक रंगाची असू द्या.

टोपी आणि गॉगल

रबरी लॅटेक्सची टोपी स्वस्त असते, पण केस ओढते. सिलिकॉनची थोडी महाग, पण मऊ आणि टिकाऊ. लांब केसांची वेणी घालून मग टोपी चढवा. पोहण्याच्या दिवशी खोबरेल तेल नको. तेलाने तलावाचे पाणी खराब होते आणि लॅटेक्सही लवकर फाटते. आधी साध्या पाण्याने केस भिजवले, तर ते क्लोरीनचे पाणी कमी शोषतात.

गॉगल दिसण्यावर घेऊ नका. पट्टा न लावता तो डोळ्यांच्या खोबणीवर हलकेच दाबा. दोन-तीन क्षण चिकटून राहिला, तर माप योग्य. पट्टा आवळून गळती थांबत नाही, डोळ्यांभोवती वळ मात्र उठतात. काचेच्या आतल्या बाजूला बोट फिरवू नका, वाफ न धरणारा थर निघून जातो. मुलाला लांबचा चष्मा असेल, तर नंबरचे गॉगलही मिळतात. नाक झाकणारा मोठा मुखवटा नको, कारण पाण्यात नाकाने श्वास सोडणे हाच पहिला धडा असतो.

कान दुखत किंवा वाहत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. कापसाचे बोळे घालून पाठवू नका.

फुगे विकत घेऊ नका

दंडाचे फुगे, रबरी रिंग, बदकाच्या आकाराचे तराफे ही खेळणी आहेत. हवा निसटते, रिंगमधून मूल खाली घसरते आणि दोघांचीही, मुलाची आणि पालकांची, खोटी खात्री होते. पाय मारायला शिकवणारी फळी बहुतेक तलावांवर असतेच. होडीत किंवा लाँचमध्ये बसताना मात्र मुलाच्या वजनाप्रमाणे लाइफ जॅकेट हवेच, मग मूल कितीही चांगले पोहत असो.

घरी आल्यावर

पोशाख साध्या पाण्यात खळबळून, न पिळता, सावलीत वाळवा. क्लोरीन आणि ऊन दोन्ही मिळून कापडाचा ताण घालवतात. ओला पोशाख पिशवीत दिवसभर ठेवू नका. पिशवीत टॉवेल, चपला, पाण्याची बाटली आणि कोरडे कपडे एवढे पुरे.

पैसे बेताचे असतील, तर क्रम असा ठेवा. आधी मापाचा पोशाख, मग टोपी, मग गॉगल. बाकी काही नसले तरी अडत नाही. आणि शिकणे पूर्ण होत आले की प्रशिक्षकांना विचारून, त्यांच्या नजरेखाली, मुलांना एखादी फेरी गॉगलशिवाय मारू द्या. विहिरीत पाय घसरतो तेव्हा कुणी गॉगल लावलेला नसतो.

पोहता येणारे मूलही पावसाळी ओढ्यात उतरणार नाही, हे त्याच्याकडून आजच कबूल करून घ्या. मुलगी वयात येतेय म्हणून तिची पोहण्याची पिशवी माळ्यावर टाकू नका. तिच्या मापाचा नवा पोशाख आणा. महिन्याभराची ही मेहनत, इन्शाअल्लाह, तिला आयुष्यभर पुरेल.