घाटातला दुचाकींचा ताफा आणि घड्याळाचे गणित

एप्रिल-मे महिन्यांतल्या शनिवारी बंगळुरूच्या पूर्वेकडील मारतहळ्ळी परिसरात उजाडण्यापूर्वीच मोटारसायकलींची घरघर सुरू होते. बाह्य वर्तुळाकार मार्ग आणि जुना विमानतळ मार्ग जिथे मिळतात, तेथील ही वस्ती माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात काम करणाऱ्या तरुणांनी गजबजलेली आहे. त्यांत पुणे, कोल्हापूर, नागपूरकडून आलेले मराठी तरुणही बरेच आहेत. गावाचे नाव ऐकून मराठी माणसाच्या मनात वेगळेच काही येते. प्रत्यक्षात 'हळ्ळी' म्हणजे कन्नडमध्ये खेडे, आणि पहिल्या भागाचा संबंध जवळच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्स कारखान्यात बनलेल्या 'मारुत' विमानाशी असल्याचे स्थानिक लोक सांगतात. उन्हाळ्यातील जोडसुट्यांत येथील अनेक गट उटीची, म्हणजे निलगिरीची वाट धरतात.

सहा-आठ मित्रांनी मिळून दुचाकीवरून डोंगरात जाणे ही कल्पना जितकी सोपी वाटते तितकी तिची आखणी सोपी नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या वर्षात देशभरातील रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत दुचाकीवरील मृतांची संख्या ७४ हजार ८९७, म्हणजे सुमारे ४५ टक्के होती. त्याच वर्षी हेल्मेट न घातल्याने मरण पावलेल्यांची नोंद ५० हजारांवर आहे. हे सर्व अपघात अर्थातच घाटातले नव्हेत. मात्र घाटात वेग चुकला की सावरायला जागा उरत नाही, आणि गटाने जाणाऱ्यांचा वेग बहुधा एकाच कारणाने चुकतो. ते कारण म्हणजे उशीर. कोणी तरी उशिरा आलेला असतो, न्याहारीला तास मोडलेला असतो आणि ती भरपाई वळणांवर केली जाते. म्हणूनच अशा सहलीचा आराखडा नकाशापेक्षा घड्याळावर बेतावा लागतो. मारतहळ्ळी ते उटी या वाटेवर तर हे अधिकच खरे आहे, कारण तिच्यावर ठरावीक वेळी बंद होणारे टप्पे एकापाठोपाठ एक येतात.

वाटेवरचे बंद दरवाजे

पहिला टप्पा शहरातच आहे. म्हैसूरकडे जाण्यासाठी मारतहळ्ळीकर बहुधा शहराला वळसा घालणारा नाईस रस्ता पसंत करतात. अपघातांचे प्रमाण लक्षात घेऊन जानेवारी २०२२ पासून या रस्त्यावर रात्री १० ते पहाटे ५ या वेळेत दुचाकींना बंदी घालण्यात आली. पहाटे साडेतीनला निघून सर्वांच्या आधी पुढे जाऊ, असा बेत आखणाऱ्यांना त्यामुळे पथकर नाक्यावर खोळंबावे लागते. घरून साडेचारच्या सुमारास निघून पाचला नाक्यावर पोहोचणे हेच सोयीचे.

दुसरा टप्पा बंगळुरू-म्हैसूर महामार्गाचा. १२ मार्च २०२३ रोजी उद्घाटन झालेल्या, सुमारे ११८ किलोमीटरच्या या द्रुतगती मार्गाच्या मुख्य मार्गिकांवर १ ऑगस्ट २०२३ पासून दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टर यांना मनाई आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना प्रवेश नाही हे महाराष्ट्रातील वाचकांना सवयीचे आहे. तोच प्रकार येथेही समजावा. दुचाकीस्वारांना कडेच्या सेवारस्त्याने आणि रामनगर, चन्नपट्टण, मंड्या या गावांतून जाणाऱ्या जुन्या रस्त्याने जावे लागते. मोटारीने दोन-अडीच तासांत म्हैसूर गाठलेल्या मित्राचा हिशेब दुचाकीला लावू नये. थांबे धरून चार तास मोजावेत.

तिसरा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. म्हैसूरपासून नंजनगूडमार्गे सुमारे साठ किलोमीटरवर गुंडलुपेट आहे. तेथून एक रस्ता केरळातील वायनाडकडे आणि दुसरा उटीकडे जातो. दोन्ही रस्ते बंदीपूर व्याघ्र प्रकल्पातून जातात. वाहनांखाली चिरडून मरणाऱ्या वन्यप्राण्यांची संख्या वाढल्याने २००९ पासून तेथे रात्री ९ ते सकाळी ६ या वेळेत वाहतूक बंद ठेवण्यात येते. रुग्णवाहिका आणि ठरावीक बसगाड्या एवढाच अपवाद. तमिळनाडूच्या हद्दीतील मुदुमलाई जंगलातही हाच नियम आहे. केरळने ही बंदी उठवावी म्हणून अनेकदा मागणी केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण नाक्यावरचा अडसर रात्री नऊला खाली येतोच. दिवसाही जंगलात वाहन थांबवणे, उतरून छायाचित्रे काढणे यांस मनाई आहे. रस्त्यालगत हत्तींचा कळप दिसला तर हॉर्न वाजवू नये, इंजिनाचा आवाज वाढवू नये, अंतर राखून थांबावे आणि कळप निघून गेल्यावरच पुढे जावे.

चौथा टप्पा कागदाचा आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ७ मे २०२४ पासून निलगिरी जिल्हा आणि कोडाईकनाल येथे बाहेरून येणाऱ्या वाहनांना ई-पास घेणे आवश्यक करण्यात आले. २०२५ च्या उन्हाळी हंगामात तर निलगिरीसाठी दररोज ६ हजार आणि शनिवार-रविवारी ८ हजार वाहनांची कमाल मर्यादा ठरवण्यात आली होती. पास प्रत्येक वाहनाचा वेगळा असतो. आठ जणांच्या ताफ्यात सातांकडे पास आणि एकाकडे नाही, अशी वेळ आल्यास सारा ताफा नाक्यावर अडकतो. ही जबाबदारी एकाच व्यक्तीकडे द्यावी आणि तिने सर्वांचे पास निघण्याच्या आदल्या दिवशी पाहून घ्यावेत. याच नाक्यांवर प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्याही काढून घेतल्या जातात, कारण निलगिरीत त्यांना बंदी आहे. पाणी धातूच्या बाटलीत न्यावे.

ऊन आणि वळीव

म्हैसूर ते गुंडलुपेट हा पठारी भाग एप्रिलमध्ये चांगलाच तापतो. जाड जाकीट, हातमोजे, बूट आणि हेल्मेट घातलेल्या स्वाराच्या शरीरातील पाणी वाऱ्यामुळे नकळत कमी होत जाते. वारा लागत असल्याने घाम जाणवत नाही आणि तहानही उशिरा लागते. डोके जड होणे, चिडचिड, प्रतिसादाला होणारा क्षणाचा विलंब ही त्याची लक्षणे. दर पाऊण-एक तासाने थांबून पाणी, ताक किंवा शहाळे घेणे हा त्यामुळे चैनीचा भाग ठरत नाही. उकडते म्हणून जाकीट काढून डिकीत ठेवणारे स्वार या पट्ट्यात हमखास दिसतात. ती सवय अंगाशी येणारी आहे. जाळीदार कापडाचे जाकीट हा त्यावरचा उपाय.

दुपारनंतर चित्र पालटते. एप्रिल-मेमध्ये पश्चिम घाटाच्या या भागात दुपारी दोन-तीननंतर ढग दाटून गडगडाटासह वळवाच्या सरी कोसळतात. आंब्याच्या आणि कॉफीच्या बागायतदारांना हा पाऊस हवाच असतो. दुचाकीस्वारासाठी मात्र पहिली दहा-पंधरा मिनिटे सर्वांत वाईट. महिनोन्महिने रस्त्यावर साचलेले तेल, रबराचा चुरा आणि धूळ यांचा पहिल्या सरीत निसरडा थर तयार होतो. तो वाहून जाईपर्यंत आडोशाला थांबणे इष्ट. झाडाखाली मात्र नव्हे. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटरवर आहे आणि उटी सुमारे २ हजार २४० मीटरवर. दुपारी उन्हाने भाजलेला माणूस संध्याकाळी ओल्या कपड्यांत उटीला पोहोचला तर कुडकुडतो. भर उन्हाळ्यात रेनकोट आणि एक स्वेटर सामानात असायलाच हवा.

हे सारे जमेस धरले तर हिशेब असा होतो. पाचला नाईस रस्ता, नऊच्या सुमारास म्हैसूर, न्याहारीनंतर साडेदहा-अकराला गुंडलुपेट, बारापर्यंत जंगल पार आणि दोनच्या आत उटी. यात तासाभराचा उशीर झाला तरी चालतो, तीन तासांचा झाल्यास घाट आणि वळीव एकाच वेळी गाठ घेतात. ज्यांच्याकडे एक दिवस जास्तीचा आहे त्यांनी पहिला मुक्काम म्हैसूरला करावा. त्यात कमीपणा काही नाही.

घाट आणि ताफा

तेप्पकाडूपासून उटीला दोन वाटा आहेत. गुडलूरमार्गे सुमारे ६७ किलोमीटरचा लांबचा पण बेताच्या चढाचा रस्ता आणि मसिनगुडीमार्गे सुमारे ३६ किलोमीटरचा कल्हट्टी घाट. कल्हट्टी घाटात ३६ हेअरपिन वळणे असून चढ अतिशय तीव्र आहे. २०१८ मधील एका भीषण अपघातानंतर तेथे बाहेरगावच्या वाहनांवर निर्बंध आले. विशेषतः त्या वाटेने खाली उतरणे पाहुण्या वाहनांसाठी नाहीच, असे धरून चालावे आणि चढण्यापूर्वीही मसिनगुडीच्या चौकीवर विचारून घ्यावे. ताफ्यात घाटाचा अनुभव नसलेला एक जरी स्वार असेल तर जाता-येता गुडलूरचीच वाट धरावी.

उतारावरचे अपघात बहुधा ब्रेकमुळे होतात, आणि तेही ब्रेकच्या अतिवापराने. सतत दाबून ठेवलेला ब्रेक तापतो आणि ऐन वळणावर त्याची पकड ढिली पडते. ज्या गिअरमध्ये चढ चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा एसटीच्या चालकांचा जुना नियम दुचाकीलाही लागू पडतो. इंजिनच गाडीला मागे ओढून धरते आणि ब्रेक वळणापुरता शिल्लक राहतो. पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये उतरण्याची आपल्याकडील सवय आंबेनळी असो वा आंबोली, सर्वत्र सारखीच घातक आहे. अरुंद घाटात समोरासमोर आल्यास उतरणाऱ्याने चढणाऱ्याला आधी वाट द्यावी, हा केवळ शिष्टाचार नसून २०१७ च्या मोटार वाहन चालनविषयक नियमांतही त्याचा समावेश आहे.

ताफ्याची रचना हा निघण्यापूर्वी बोलून ठरवण्याचा विषय. सर्वांत पुढे वाट ठाऊक असलेला, संयमी स्वार असावा. सर्वांत मागे तितकाच अनुभवी, आणि पंक्चरचे साहित्य व प्रथमोपचाराची पेटी त्याच्याकडे. नवख्याला शेवटी ठेवण्याची चूक सर्रास होते. मागे पडतो आहोत या भीतीने तोच सर्वाधिक वेगाने गाडी हाकू लागतो. त्याची जागा आघाडीच्या स्वाराच्या लगेच मागे. मग सारा ताफा आपोआप त्याच्या वेगाने चालतो.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचे अंतर म्हणजे सुमारे ३३ मीटर. आठ गाड्यांची रांग या हिशेबाने २३० मीटरहून लांब होते, आणि एवढी रांग ओलांडणे कोणत्याही बसचालकाला शक्य नसते. म्हणून सहाहून अधिक जण असल्यास दोन तुकड्या कराव्यात. सरळ रस्त्यावर एक डावीकडे, एक उजवीकडे अशी आळीपाळीची रचना ठीक आहे. घाट लागताच मात्र एकामागे एक. पुढचा ट्रकला ओलांडून गेला म्हणून मागच्याने डोळे झाकून त्याच्यामागे जाऊ नये. प्रत्येकाने समोरचा रस्ता स्वतः पाहून निर्णय घ्यावा. जंगलात आणि घाटात मोबाइलवर विसंबता येत नाही. त्यामुळे पुढच्या थांब्याचे ठिकाण आधीच ठरलेले असावे, आणि रस्ता फुटतो तेथे मागचा दिसेपर्यंत पुढच्याने थांबावे. एवढ्याने चुकामूक टळते. पेट्रोलचा थांबा सर्वांत लहान टाकीनुसार ठरतो. जंगलापूर्वी गुंडलुपेटला सर्वांनीच टाकी भरून घ्यावी.

मारतहळ्ळीत भाड्याने दुचाकी घेणारे बरेच असतात. अशा अधिकृत गाडीची पाटी काळी आणि त्यावरील अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतल्यास अपघातानंतर विम्याचा प्रश्न उभा राहतो. परराज्यात नेण्यास ती गाडी पात्र आहे का, हेही लेखी विचारून घ्यावे. घाटात नेण्यापूर्वी त्या गाडीवर एक सकाळ नंदी टेकडीपर्यंत जाऊन यावे. ब्रेक, चेन आणि टायर यांची कल्पना तेवढ्या अंतरात येते. हेल्मेट चालकाइतकेच मागे बसणाऱ्यालाही सक्तीचे असून ते आयएसआय चिन्हाचेच हवे.

अपघात घडलाच तर ११२ किंवा १०८ या क्रमांकांवर संपर्क साधावा. मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, ही भीती बाळगण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदतकर्त्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ समाविष्ट झाले. प्रत्येकाच्या खिशात रक्तगट आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. ती मोबाइलमध्ये असून उपयोग नाही, कारण मोबाइल कुलूपबंद असतो.

परतीचा दिवस बहुतेक आराखड्यांत लिहिलेलाच नसतो. रविवारी दुपारचे जेवण उटीत करून चारला निघालेला ताफा हंगामातील गर्दीतून गुडलूरला येईतो अंधारतो, पावसाने अडवल्यास रात्री नऊच्या आत बंदीपूर ओलांडण्यासाठी धाव घेतो, आणि पुढे नाईस रस्ता दहाला बंद झालेलाच असतो. सकाळी आठला उटी सोडल्यास यांपैकी एकही प्रश्न उद्भवत नाही. सहलीची तारीखही मेच्या पूर्वार्धातलीच निवडावी. मोसमी पाऊस केरळात साधारणतः १ जूनला पोहोचतो असे गृहीत धरले जाते. २०२५ मध्ये तो २४ मे रोजीच दाखल झाला आणि पुढच्या दोन दिवसांत निलगिरीत अतिवृष्टीचा इशारा देण्यात आला होता.