संस्थान बुडालं, विषय तरंगतोच आहे

१६ सप्टेंबर १९४८ रोजी हिंगोली कोणत्या देशात होती? तेव्हा ती परभणी जिल्ह्यातला एक तालुका होती आणि परभणी हैदराबाद संस्थानात. दिल्लीचं म्हणणं, हैदराबाद हे भारताचंच अंग. निझामाचं म्हणणं, इंग्रज गेले त्या दिवसापासून आपण स्वतंत्र. भारतीय फौजा संस्थानात शिरून तीन दिवस झाले होते. आणि नेमक्या त्याच दिवशी, कयाधूकाठच्या गावांनी जिचं नावही ऐकलं नसेल अशा सीन नदीच्या काठी, पॅरिसच्या पॅले द शायो या इमारतीत संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे अकरा सदस्य याच प्रश्नावर बसले होते.

एक संस्थान तिथवर पोहोचलंच कसं, हे खरं नवल. हैदराबाद काही संयुक्त राष्ट्रांचं सदस्य नव्हतं. पण संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत ३५ वं कलम आहे. त्याच्या दुसऱ्या भागानुसार सदस्य नसलेलं राज्यही आपला तंटा परिषदेपुढे नेऊ शकतं. अट एवढीच, की मिटवामिटवीची सनदेतली बंधनं त्या तंट्यापुरती आधीच मान्य करायची. २१ ऑगस्टला हैदराबादने तार ठोकली ती या कलमाच्या आधारे. संस्थानाची स्वतःची रेल्वे होती, टपाल होतं, हाली सिक्क्याचं चलन होतं. मग स्वतःचं परराष्ट्र धोरण का नसावं, असा हा हिशेब. त्याच वर्षी १ जानेवारीला भारत स्वतः काश्मीरचा प्रश्न घेऊन याच परिषदेच्या दारात गेला होता. आता त्याच दारात भारत प्रतिवादी म्हणून उभा राहणार होता.

कज्जा मात्र पहिल्या पायरीवरच अडकला. हा विषय चर्चेला घ्यायचा की नाही? भारताच्या वतीने ए. रामस्वामी मुदलियार यांनी सांगितलं की हैदराबाद हे मुळात राज्यच नाही, तेव्हा ३५ वं कलम त्याला लागू होत नाही. नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ करारानेही त्याचे परराष्ट्र व्यवहार भारताकडेच होते. हैदराबादच्या बाजूने नवाब मोईन नवाज जंग उभे होते. आता गंमत अशी, की ‘हा आमच्या घरातला मामला आहे’ हे सांगायलासुद्धा भारताला परक्यांच्या सभेत जावं लागलं. घरातलं काय आणि चावडीवरचं काय हे चावडीनेच ठरवायचं, अशी ही रचना. शिवाय विषयपत्रिकेच्या मतदानात व्हेटो चालत नाही. अकरापैकी सात मतं मिळाली की काम होतं. इथे आठ मिळाली. सोव्हिएत युनियन, युक्रेन आणि चीन तटस्थ राहिले. विषयपत्रिकेवर घेतलं म्हणजे हैदराबाद स्वतंत्र आहे असं ठरलं नाही, हे सभाध्यक्ष म्हणून बसलेल्या ब्रिटनच्या अलेक्झांडर कॅडोगन यांनाही ठाऊक होतंच.

दुसऱ्या दिवशी, १७ सप्टेंबरला, निझामाने हार मानली. पॅरिसमधली मंडळी पहिल्या सभेच्या इतिवृत्तावरून नजर फिरवीपर्यंत इकडे युद्ध संपलं होतं. २२ तारखेला खुद्द निझामाची तार आली : तक्रार मागे घेतो. वाटेल की प्रकरण मिटलं. पण परिषदेतल्या काही सदस्यांना शंका आली, की ही तार राजीखुशीने आली की दडपणाखाली? विषय काही खाली उतरला नाही. मे १९४९ मध्ये पाकिस्तानने बाजू मांडली, २४ मे रोजी सभा झाली आणि त्यानंतर परिषद या विषयावर आजतागायत बोललेली नाही. ठराव एकही झाला नाही.

मला यात खुपतं ते वेगळंच. निझामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांनी मराठवाड्यातल्या गावांत जे केलं, आणि फौजा आल्यानंतर अनेक ठिकाणी मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं (भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने ते नोंदवलं आहे), यातलं काहीच पॅरिसमध्ये निवाड्यापर्यंत गेलं नाही. वाद चालला तो राज्य कोण, कलम कोणतं, तार कोणाची यावर. आंतरराष्ट्रीय संघटना राजकारणाच्या वर बसलेली असते असं आपण शाळेत शिकतो. ती राजकारणाच्या आतच असते. विषयपत्रिका हे तिथलं हत्यार, आणि सदस्य देश ते आपापल्या सोयीने परजतात.

विश्वास बसत नसेल तर पुढचं ऐका. परिषदेपुढे असलेल्या विषयांची एक अधिकृत यादी असते. १९९६ मध्ये जुने, धूळ खात पडलेले विषय त्यातून काढायचं ठरलं. ज्यांचे विषय कापले जाणार होते ते देश खवळले. मग तोडगा निघाला. विषय चढवायला मतं लागतात, टिकवायला मात्र कुठल्याही एका सदस्य देशाची विनंती पुरते. आताच्या नियमानुसार तीन वर्षं चर्चा झाली नाही तर विषय गळतो, पण फेब्रुवारी संपण्याआधी कोणी पत्र धाडलं तर तो आणखी वर्षभर राहतो. हैदराबादसाठी असं पत्र पाकिस्तान धाडत आला आहे. खर्च एका टपालाचा. त्यातून काही निष्पन्न व्हावं अशी बहुधा त्यालाही अपेक्षा नसावी.

इकडे ते संस्थानच उरलेलं नाही. १९५६ मध्ये त्याचे भाषावार तुकडे झाले, मराठवाडा आधी द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली हा वेगळा जिल्हा झाला. दर १७ सप्टेंबरला तिथे मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन होतं.

परिषदेच्या विषयांची ती यादी गुप्त वगैरे नाही. संयुक्त राष्ट्रं दर वर्षाच्या सुरुवातीला ती प्रसिद्ध करतात, कोणालाही वाचता येते. विलीनीकरणाला सत्तर वर्षं उलटून गेल्यानंतरच्या याद्यांमध्येही ‘हैदराबाद प्रश्न’ ही नोंद आहे, भारत-पाकिस्तान प्रश्नाच्या अगदी शेजारी. तिच्यापुढे दोनच तारखा आहेत : १६ सप्टेंबर १९४८ आणि २४ मे १९४९.